परदेशात अस्सल अमेरिकन बार्बेक्यू कसा शोधावा : नवख्यांसाठी मार्गदर्शन

भारतातून लंडन, दुबई किंवा सिंगापूरला गेलेल्या मराठी माणसाला बार्बेक्यू म्हटले की टेबलाच्या मधोमध बसवलेली निखाऱ्यांची शेगडी आणि तिच्यावर सळयांना लावलेले पनीर, कोळंबी, चिकन आठवते, कारण बार्बेक्यू नेशनसारख्या साखळ्यांनी आपल्याकडे हा शब्द त्याच अर्थाने रुजवला. ब्रिटनमध्ये आणि ऑस्ट्रेलियात याच नावाखाली अंगणातल्या जाळीवर सॉसेज भाजतात. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत मात्र या नावाने जो पदार्थ ओळखला जातो तो या दोहोंहून वेगळा आहे. तेथे मांसाचे मोठे आणि मुळात चिवट असलेले तुकडे थेट आचेवर न धरता, लाकडाच्या धुरात साधारण 107 ते 135 अंश सेल्सिअस इतक्या मंद उष्णतेवर कित्येक तास ठेवतात. हा प्रकार अमेरिकेबाहेरच्या शहरात खायचा असेल तर रेस्टॉरंट कसे निवडावे, केव्हा जावे, काय मागवावे आणि समोर आलेले ताट कसे पारखावे, हे येथे क्रमाने सांगितले आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करावी. भिंतीवरचे झेंडे, काउबॉयच्या टोप्या, टेबलावरच्या सॉसच्या अर्धा डझन बाटल्या यांवरून खाण्याविषयी काहीही कळत नाही. मांस आगीवर केव्हा चढले, केव्हा उतरले आणि उतरल्यापासून ताटात येईपर्यंत त्याचे काय झाले, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की रेस्टॉरंटची बहुतेक परीक्षा झाली असे समजावे.

वेळेचे गणित

टेक्सासच्या बार्बेक्यूची ओळख बनलेला ब्रिस्केट हा गुरांच्या छातीचा भाग आहे. उभ्या जनावराचे बरेचसे वजन या स्नायूंवर येत असल्यामुळे त्यांत कोलॅजन नावाची चिवट ऊती भरपूर असते. मटणाचा पाया रात्रभर उकळला की रस्सा थंड झाल्यावर जसा थिजतो, तसेच येथेही घडते : कोलॅजन हळूहळू विरघळून त्याचे जिलेटिन होते, आणि मांसाला जो लुसलुशीत ओलावा येतो तो चरबीइतकाच या जिलेटिनमुळे येतो. ही क्रिया घाईने होत नाही. मांसाच्या आतले तापमान 65 ते 75 अंशांच्या दरम्यान पोचले की पृष्ठभागावरचे पाणी उडत राहिल्याने ते तासन्‌तास तेथेच अडकून पडते, आणि पिटमास्टर, म्हणजे भट्टी सांभाळणारा प्रमुख स्वयंपाकी, या टप्प्यावर अनेकदा ब्रिस्केट जाड कागदात किंवा फॉइलमध्ये गुंडाळतो. आतले तापमान 90 ते 96 अंशांवर गेल्यावरच ते उतरवतात. पाच ते सात किलोच्या अख्ख्या ब्रिस्केटला दहा ते चौदा तास सहज लागतात, आणि त्यानंतर ते कापण्याआधी काही तास उबेत मुरू द्यावे लागते.

टेक्सासमध्ये या गणिताला साजेशी वहिवाट आहे. रात्रभर भट्टी चालते, सकाळी अकराच्या सुमारास दार उघडते आणि माल संपला की दुकान बंद होते. ऑस्टिनमधील फ्रँकलिन बार्बेक्यू 2009 मध्ये एका ट्रेलरमधून सुरू झाले आणि आजही तेथे सकाळपासून रांग लागते. परदेशात अडचण नेमकी येथेच सुरू होते. पॅरिस असो वा लंडन, रेस्टॉरंटची खरी कमाई रात्रीच्या जेवणावर होते, ग्राहक आठ वाजता येतो आणि यादीतला प्रत्येक पदार्थ मिळालाच पाहिजे असे त्याला वाटते. त्यामुळे पहाटे उतरलेले मांस रात्रीपर्यंत टिकवणे हे स्वयंपाकघरापुढचे मोठे काम होऊन बसते. जो ते 60 ते 65 अंशांच्या दमट कपाटात अख्खे ठेवतो आणि मागणी आल्यावरच कापतो, तो योग्य मार्गाने चालला आहे. आता खुद्द टेक्सासमध्येही अनेकजण हेच करतात. आदल्या आठवड्यात शिजवून, काप करून, पिशवीत बंद करून फ्रिजमध्ये ठेवलेले आणि ऐनवेळी गरम केलेले मांस वाईटच असते असे म्हणता येणार नाही, परंतु त्यासाठी ब्रिस्केटची पूर्ण किंमत मोजण्यात अर्थ नाही.

कोणत्या प्रांताचा बार्बेक्यू हवा ते ठरवावे

अमेरिकन बार्बेक्यू हा एकच पदार्थ नाही. मध्य टेक्सासात गोमांसाला फक्त मीठ आणि जाडसर मिरी चोळतात, पोस्ट ओक या स्थानिक ओकच्या लाकडावर शिजवतात आणि जर्मन व चेक स्थलांतरितांनी आणलेली सॉसेजची परंपरा त्याच्या जोडीला असते. लॉकहार्ट या छोट्या गावातले क्रॉइट्झ मार्केट 1900 पासून चालू आहे. कॅन्सस सिटीत टोमॅटो आणि काकवीचा दाट, गोड सॉस चालतो आणि ब्रिस्केटच्या टोकाचे खरपूस चौकोनी तुकडे, म्हणजे बर्न्ट एंड्स, आवर्जून खातात. मेम्फिसमध्ये डुकराच्या बरगड्या, म्हणजे रिब्स, सॉस लावून किंवा नुसता कोरडा मसाला भुरभुरून अशा दोन्ही तऱ्हांनी मिळतात. नॉर्थ कॅरोलिनाच्या पूर्व भागात अख्खे डुक्कर शिजवून त्यावर व्हिनेगर आणि तिखट मिरचीचे पातळ पाणी शिंपडतात, तर साउथ कॅरोलिनात मोहरीचा पिवळा सॉस लागतो.

परदेशातले बहुतेक रेस्टॉरंट या सर्वांची गोळाबेरीज करते. त्यात गैर काही नाही, पण जेथे मालकाने एखादा प्रांत धरून ठेवला आहे तेथे हात बसलेला असण्याची शक्यता अधिक असते. पॅरिसमध्ये 2014 मध्ये सुरू झालेले द बीस्ट टेक्सासची परंपरा मानते. लंडनच्या सोहो भागात 2002 मध्ये आलेल्या बोडियन्सने कॅन्सस सिटीचे नाव लावले. कोपनहेगनच्या जुन्या मांसबाजारात, कॉडब्यूएनमध्ये, 2015 पासून चालणारे वॉरपिग्ज ही डॅनिश आणि अमेरिकन अशा दोन बिअर कंपन्यांची भागीदारी आहे आणि तेथे टेक्सासप्रमाणे काउंटरवर जाऊन वजनाने मांस घ्यावे लागते. ही नावे केवळ उदाहरणादाखल दिली आहेत. या धंद्यात दुकाने बंद पडतात आणि पिटमास्टर नोकऱ्या बदलतात, म्हणून जाण्याआधी प्रत्येकाची आजची स्थिती पाहून घ्यावी.

घरबसल्या करावयाची चाळणी

नकाशाच्या ॲपवर नुसते बार्बेक्यू असे शोधले तर कोरियन शेगड्या, ब्राझिलियन सळया आणि तुर्की कबाब हे सारे एकत्र समोर येते. त्याऐवजी टेक्सास, ब्रिस्केट, पिटमास्टर, लो अँड स्लो (म्हणजे मंद आचेवर सावकाश) असे शब्द घालून शोधावे. स्मोकहाऊस या शब्दावर विसंबू नये, कारण युरोपच्या उत्तर किनाऱ्यावर त्याचा अर्थ मासे धुरवण्याची जागा असाही होतो. जर्मनीत धुराच्या भट्टीला सरळ स्मोकर म्हणतात, तेव्हा तेथे तोच शब्द उपयोगी पडतो.

नंतर रेस्टॉरंटने स्वतः लावलेली छायाचित्रे सोडून ग्राहकांनी काढलेली छायाचित्रे पाहावीत, आणि त्यातही ब्रिस्केटच्या कापाची शोधावीत. कापाची बाहेरची कड जवळजवळ काळी दिसली पाहिजे, तिच्या आत गुलाबी पट्टा असावा आणि मधला भाग ओलसर चमकावा. सगळा काप करडा व सुका दिसत असेल, किंवा मांस दिसू नये इतका सॉस ओतलेला असेल, तर ते ठिकाण यादीतून काढून टाकायला हरकत नाही. गुलाबी पट्ट्याला मात्र फार महत्त्व देऊ नये. जळत्या लाकडातून निघणारे नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड मांसातल्या मायोग्लोबिन या लाल रंगद्रव्याशी बांधले जाऊन तो रंग येतो, पण मांस टिकवण्याचे नायट्राइटयुक्त मीठ चोळूनही तसाच रंग आणता येतो. तो नसेल तर शंका घ्यावी. असेल तर एवढ्यावरून खात्री मानू नये.

पदार्थांची यादी जितकी छोटी तितके बरे. चार-पाच मांसे, चार-पाच जोडपदार्थ आणि एखादे गोड, एवढ्यावर जे भागवतात त्यांचे लक्ष भट्टीवर असते. बर्गर, नाचोज, टाको, पास्ता आणि शेवटच्या ओळीत ब्रिस्केट असे दिसले तर ब्रिस्केट तेथे पाहुणा आहे. वजनावर भाव लिहिलेला असणे हे चांगले लक्षण समजावे.

अभिप्राय वाचतानाही तक्रारी कोणत्या प्रकारच्या आहेत ते पाहावे. रात्री साडेआठला गेलो तर ब्रिस्केट संपले होते, म्हणून चिडून एकच तारा देणारा ग्राहक नकळत त्या जागेची शिफारसच करत असतो. मांस कोरडे होते, कोमट होते, आतून थंड होते, अशा तक्रारी वारंवार दिसल्या तर मात्र त्या गंभीरपणे घ्याव्यात.

फोन करून विचारावयाचे दोन प्रश्न

पहिला प्रश्न : आजचे ब्रिस्केट भट्टीतून किती वाजता उतरते? चांगल्या ठिकाणी फोन उचलणाऱ्याला हे माहीत असते किंवा तो आत विचारून सांगतो. प्रश्नच समजला नाही, किंवा आमच्याकडे ते दिवसभर मिळते एवढेच उत्तर आले, तर काय ते ओळखावे. दुसरा प्रश्न : कोणते लाकूड वापरता? येथे अमेरिकन लाकडाचेच नाव ऐकू येण्याचा आग्रह धरू नये. पोस्ट ओक युरोपात उगवत नाही आणि हिकरी समुद्रापलीकडून आणावे लागते. स्थानिक ओक, बीच, चेरी किंवा सफरचंदाचे वाळलेले लाकूड वापरून उत्तम काम होते, आणि ऑस्ट्रेलियात तर तिथल्याच आयर्नबार्कवर कित्येक भट्ट्या चालतात. उत्तर ठाम आणि नेमके असावे, इतकेच अपेक्षित आहे.

मोठ्या शहरांत भट्टी रेस्टॉरंटच्या आवारातच असेल असे मात्र नाही. 1952 च्या जीवघेण्या धुरक्यानंतर ब्रिटनमध्ये 1956 साली स्वच्छ हवेचा कायदा झाला आणि तेव्हापासून लंडनच्या मोठ्या भागात धुरावर निर्बंध आहेत, त्यामुळे काहीजण शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत मांस शिजवून आणतात. गॅसच्या मदतीने उष्णता राखणारी आणि लाकूड फक्त धुरासाठी जाळणारी, आत जाळ्या फिरत राहणारी कपाटेही सर्रास वापरतात. निव्वळ लाकडावर चालणाऱ्या भट्टीची सर त्यांना येत नाही असे माझे मत आहे, पण सावध हातात तीही चांगले मांस देतात, म्हणून केवळ त्या कारणावरून कोणालाही बाद करू नये.

कधी जावे आणि काय मागवावे

शनिवारी किंवा रविवारी दुपारी, दार उघडल्यापासून तासाभराच्या आत जावे. त्या दिवशी खप अधिक असतो, माल ताजा उतरलेला असतो आणि शिळे खपवण्याची गरज कोणाला नसते. सोमवारची रात्र टाळावी.

आत शिरताच लाकडाच्या धुराचा सौम्य, गोडसर वास आला पाहिजे. उग्र आणि डोळे चुरचुरवणारा वास म्हणजे आग नीट श्वास घेत नसल्याची खूण आहे. मांस कोठे कापतात ते पाहावे. मागणी आल्यावर फळीवर अख्खा तुकडा ठेवून समोर कापत असतील तर निश्चिंत व्हावे. आधीच कापलेले काप वाफेच्या भांड्यात पडून असतील तर ते कितीही चांगले शिजले असले तरी पंधरा-वीस मिनिटांत कोरडे पडू लागतात.

पहिल्या भेटीत सर्व मांसांचे मोठे ताट मागवण्याचा मोह आवरावा, कारण त्यात बहुधा दुय्यम तुकडे खपवले जातात. दोघांसाठी दोनशे ते अडीचशे ग्रॅम ब्रिस्केट, दोन-तीन रिब्स आणि एक सॉसेज पुरेसे होते. ब्रिस्केटचे दोन भाग असतात : एक सपाट आणि कमी चरबीचा, दुसरा जाड आणि चरबीयुक्त. मागताना चरबीयुक्त भाग हवा असे स्पष्ट सांगावे, आणि परीक्षाच घ्यायची असेल तर दोन्हींचा एकेक काप मागावा. चरबीयुक्त भाग कोणालाही जमतो. कमी चरबीचा भाग ओला राखणे हेच खरे कसब आहे. युरोपात ते अधिक कठीण जाते, कारण तेथील बरीचशी गुरे गवतावर वाढल्याने मांसात चरबीची जाळी कमी असते, आणि संप्रेरके टोचलेल्या गुरांच्या मांसावर युरोपने 1989 पासून बंदी घातल्यामुळे अमेरिकेतून फक्त संप्रेरकांविना वाढवलेल्या गुरांचे, महाग मांसच येऊ शकते. सॉस वाटीत वेगळा मागावा आणि पहिले दोन घास त्याशिवाय खावेत.

ताट पारखताना

ब्रिस्केटचा काप साधारण पेन्सिलीइतका जाड असावा. तो बोटावर मधोमध आडवा ठेवला तर दोन्ही बाजूंनी वाकून लोंबला पाहिजे, पण तुटता कामा नये, आणि दोन टोके धरून हलकेच ओढल्यावर सहज वेगळा झाला पाहिजे. रबरासारखा ताणला जात असेल तर तो वेळेआधी उतरवला आहे. हातातच भुगा होत असेल तर वेळ टळून गेली आहे. काप नेहमीपेक्षा जाड दिसला तर स्वयंपाकी जास्त शिजलेले मांस सावरून घेत आहे, आणि कागदासारखा पातळ दिसला तर चिवटपणा लपवत आहे, असा जाणकारांचा जुना आडाखा आहे आणि तो बहुतेक वेळा बरोबर निघतो. बाहेरची काळी खपली, जिला बार्क म्हणतात, ती जळकी लागत नाही. मीठ, मिरी, चरबी आणि धूर यांची ती दाट, किंचित कुरकुरीत साय असते. कापाच्या कडेची चरबी पारदर्शक होऊन जिभेवर विरघळली पाहिजे. पांढरी आणि घट्ट राहिलेली चरबी अपुऱ्या वेळेची साक्ष देते.

रिब्सच्या बाबतीत एक गैरसमज फार पसरला आहे. हाडावरून आपोआप गळून पडणारे मांस म्हणजे उत्तम, असे अनेक यादीपत्रकांवर अभिमानाने छापलेले असते. प्रत्यक्षात ते मांस अती शिजवल्याचे, आणि अनेकदा आधी उकडून मग सॉस लावून भट्टीत चकाकवल्याचे लक्षण असते. चांगल्या बरगडीवर चावा घेतला की तेवढाच भाग सुटतो आणि दातांची स्वच्छ खूण उरते. अमेरिकेतील बार्बेक्यू स्पर्धांचे परीक्षकही हेच पाहतात. सॉसेजचे आवरण चावताना टचकन तुटले पाहिजे. पुल्ड पोर्कमध्ये, म्हणजे शिजवून धागे सोडवलेल्या डुकराच्या मांसात, लांब धागे आणि मधूनमधून बाहेरच्या खपलीचे गडद तुकडे दिसावेत. सगळे एकसारखे, मऊ आणि गोड सॉसमध्ये बुडालेले असेल तर धुराशी त्याचा संबंध जेमतेमच असतो.

धुराची चव मांसामागे राहिली पाहिजे. जिभेवर कडवट, बधिर करणारा थर बसला तर लाकूड ओले होते किंवा आग कोंडली होती. धुराची चव केवळ सॉसमध्ये आणि मांसात मुळीच नाही असे वाटले, तर बाटलीत मिळणारा धुराचा अर्क वापरल्याचा संशय रास्त आहे. आणि धुरात शिजवलेले चिकन हाडाजवळ किंवा कातडीखाली गुलाबी दिसले म्हणून घाबरून परत पाठवू नये. मांस आतपर्यंत 74 अंशांवर गेले असेल तर तो रंग धुराचा असू शकतो, मात्र रस स्वच्छ दिसतो एवढ्यावरून ते शिजले असे मानू नये. शंका असल्यास आतले तापमान मोजले का, असे विचारण्यात संकोच नको, कारण प्रत्येक चांगल्या पिटमास्टरजवळ थर्मामीटर असतोच.

बीफ किंवा पोर्क न खाणाऱ्यांसाठी

आपल्यापैकी पुष्कळजण या दोहोंपैकी एक किंवा दोन्ही खात नाहीत, आणि अशांना बार्बेक्यूचे दार बंद आहे असे मुळीच नाही. मात्र विचारपूस अधिक करावी लागते. टेक्सासच्या दुकानांत टर्कीच्या छातीचे धुरावलेले काप मिळतात आणि ते चांगले जमले तर फार रसाळ असतात. अलाबामा राज्यातील डिकेटर येथे बिग बॉब गिब्सन यांनी 1925 मध्ये सुरू केलेल्या दुकानाची ओळख म्हणजे मेयोनेज आणि व्हिनेगरच्या पांढऱ्या सॉसमध्ये बुडवलेले धुराचे चिकन. त्या पद्धतीचे चिकन अन्यत्रही अनेक यादींत दिसते. मराठी जिभेला सर्वांत जवळचा वाटावा असा प्रकार केंटकी राज्यातल्या ओवेन्सबरो गावचा आहे, जेथे मेंढीचे मांस धुरावर शिजवून वुस्टरशर सॉसच्या काळ्या रश्शाबरोबर देतात. अमेरिकेबाहेर तो क्वचितच आढळतो. आखाती देशांत आणि मलेशियात हलाल दुकाने डुकराऐवजी बीफ किंवा मेंढीच्या बरगड्या वापरतात, त्यामुळे मटण खाणाऱ्यांची तेथे चांगली सोय होते.

सावधगिरी जोडपदार्थांच्या बाबतीत बाळगावी. राजम्यासारखे दिसणारे बीन्स बहुधा ब्रिस्केटचे किंवा डुकराचे तुकडे घालून शिजवतात, कोलार्डच्या पालेभाजीत डुकराच्या पायाचे हाड असते आणि मक्याच्या पावात कधीकधी डुकराची चरबी घालतात. सॉसेज कोणत्या मांसाचे आहे ते विचारल्याशिवाय घेऊ नये, कारण मिश्र मांसाचे सॉसेज सर्रास चालते. वुस्टरशर सॉसमध्ये अँकोव्ही मासा असतो, हे शाकाहाऱ्यांनी लक्षात ठेवावे. शिवाय सर्व मांसे एकाच भट्टीत, अनेकदा एकाखाली एक अशा जाळ्यांवर शिजतात आणि एकाच फळीवर कापली जातात, त्यामुळे वरच्या ब्रिस्केटची चरबी खालच्या चिकनवर ठिबकलेली असू शकते. ज्याला हे चालणार नाही त्याने स्पष्ट विचारावे, आणि उत्तर समाधानकारक नसेल तर निमूट कोलस्लॉ, म्हणजे कोबीची कोशिंबीर, आणि लोणच्याच्या काकड्यांवर भागवण्यापेक्षा दुसरीकडे जावे. पक्क्या शाकाहारी माणसाला केवळ सोबत म्हणून अशा ठिकाणी नेणे मला तरी योग्य वाटत नाही.

बिलाविषयी

भाव पाहून दचकू नये. चरबी तासणे आणि शिजताना पाणी व चरबी निघून जाणे यांमुळे ब्रिस्केटचे वजन कच्च्याच्या निम्म्याच्या आसपास उरते, त्यात रात्रभराचे लाकूड आणि जागणाऱ्या माणसाचा पगार मिळवावा लागतो. म्हणून शेजारच्या स्टेकहाऊसइतका किंवा त्याहून थोडा कमी दर रास्त समजावा, आणि बर्गरच्या भावात ब्रिस्केट मिळत असेल तर ते कोठून आले असा प्रश्न पडायला हवा. खाऊन उरले तर घरी नेण्यास लाज बाळगू नये. शक्य असल्यास न कापलेला तुकडाच बांधून मागावा, दुसऱ्या दिवशी तो फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून 120 अंशांच्या ओव्हनमध्ये आतपर्यंत वाफाळता होईस्तोवर गरम करावा आणि मगच कापावा. मायक्रोवेव्हमध्ये तेच मांस दोन मिनिटांत चामड्यासारखे होते.